मागणीचा तुंबा

मित्रांबरोबर बसून खाण्यापिण्यात जी मजा आहे ती जगात कशात नाही, असं म्हणणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. ही माणसं बहुधा साठी ओलांडलेली असतात, निम्मे दात गेलेले असतात आणि ऐकायला कुणी सापडलं की जुन्या बैठकींच्या गोष्टी लावतात. काय तो खर्रा, काय तो रस्सा, काय ती पहिल्या धारेची. तो रस्सा कुणी रांधला, ती कुणी गाळली, मागाहून भांडी कुणी घासली, हे त्यांच्या बोलण्यात एकदाही येत नाही. मी हे अधिकारानं लिहितो, कारण तरुणपणाची तीन वर्षं मी अशा बैठकींत बसण्यापलीकडे काही केलं नाही. त्या तीन वर्षांतल्या एका दिवसाबद्दल मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं सांगितलं, तेही मला सोयीचं तेवढं.

पोंभुर्ण्याला बसस्टँडच्या वळणावर रफिकच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि त्याला लागून एक पानठेला. दुकानाच्या ओट्यावर आम्ही चौघं पडीक असायचो. रफिक निदान काजं-बटणं करत करत बसायचा, त्यामुळे तो कामात आहे असं म्हणता यायचं. वसंता किराणा दुकानदाराचा मुलगा. बापाच्या दुकानातल्या सुपारीवर आणि फुटाण्यांवर हात मारणं हाच त्याचा धंदा, आणि तो इतका बढाईखोर की स्वतःच्या शिंकेचीही तारीफ करील. मी गुरुजींचा मुलगा. माझे वडील शाळेचे मुख्याध्यापक, चहासुद्धा न पिणारे, आणि मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटलेला. चौथा मारोती. दोन कोसांवरच्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, गोंडाचा पोरगा, मॅट्रिकपर्यंत आमच्याबरोबर शिकलेला, लाकडाच्या डेपोत कामाला. आमच्यात कमावता तो एकटा आणि सगळ्यांत कमी बोलणाराही तोच.

आमची बैठक म्हणजे खर्रा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुपारीचा भुगा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून फळीवर घोट-घोट घोटतात, तो खर्रा. ती पन्नी फळीवर घासल्याचा खर्र खर्र आवाज आमच्याकडे सकाळी कोंबड्याच्या आधी सुरू होतो आणि आजही बंद झालेला नाही. एक खर्रा चौघांत पुरवायचा. घोटणारा वेगळा, पहिली चिमटी घेणारा वेगळा, आणि चिमटी दाढेखाली धरल्यावर डोळे मिटून ‘चुना जरा जास्त झाला’ असं म्हणणारा वेगळा. हे शेवटचं काम माझं असायचं. मला चुन्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी म्हटलं की बाकीचे माना डोलवायचे, आणि माणसाला मान डोलावणारे तिघे मिळाले की तो आपल्याला जाणकार समजू लागतो. तर्री पोहे कुठले चांगले, भजी कुणाच्या कढईतली, कुणाचा चहा नुसता गोड पाणी, यावर आम्ही दिवसचे दिवस वाद घातले आहेत. एवढा वेळ मी अर्थशास्त्राच्या पुस्तकाला दिला असता तर निदान ते दुसरं वर्ष सुटलं असतं.

घरी माझी चैन नव्हती. वडील जेवताना बोलत नसत आणि आम्हालाही बोलू देत नसत. वरण, भात, एक भाजी, आणि शेवटी ताकाचा भुरका, तोही आवाज न करता. रफिकच्या घरी ईदेला शेवया आणि एरवी कधीमधी खिचडा मिळायचा. पण खरी चंगळ मारोतीच्या घरी. रविवारी आम्ही सायकलींवर टोल्यावर जायचो. सारवलेलं दोन खोल्यांचं घर, कुंपणाला वालाचे वेल, अंगणात कोंबड्या, आणि मागच्या पडवीतून येणारा भिजलेल्या मोहफुलांचा आंबूस गोड वास. मारोतीची माय उंच, सडपातळ बाई. नवरा गेल्यावर शेती आणि जंगल दोन्ही तिनं एकटीनं ओढलं होतं. आम्ही दिसलो की ती पाट्यावर मिरची-सांबार, म्हणजे मिरची-कोथिंबीर, वाटायला घ्यायची. सुक्या झिंग्यांची कांदा घालून भाजी, लाखोळीचं वरण, तांदळाच्या भाकरी. कोंबडी असली तर ती आधी रफिकच्या हातात द्यायची आणि म्हणायची, तू काप बाबू, म्हणजे तुलेही खाता येईल. जेवण झाल्यावर दाराशी बसून ती आमच्यातली एक चिमटी खर्रा घ्यायची आणि तंबाखू जुना आहे की ओलसर हे लगेच सांगायची. तिचं खरं निघायचं. आम्ही मात्र घरी परतताना तिच्या हातच्या मोहाच्या दारूची अशी चर्चा करायचो, जणू ती आमच्या देखरेखीखाली गाळली होती.

मारोतीनं मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत एक मुलगी पाहिली होती. हे त्यानं आम्हाला सांगितलं तेव्हा धान कापून झाले होते, म्हणजे आठ-नऊ महिने तो पोटात ठेवून होता. मुलीचं नाव मैना, जंगलापलीकडच्या गावच्या चैतू मडावीची धाकटी. तिच्याशी तो त्यानंतर दोनदा आठवडी बाजारात बोलला होता आणि तिची हरकत नव्हती. त्यांच्यात मागणीची रीत अशी की मुलगा स्वतः जात नाही, बायकाही जात नाहीत. घरातला वडीलधारा आदल्या दिवशी निरोप घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी मुलाचे भाऊ मुलाच्या आईनं स्वतः गाळलेली दारू तुंब्यात, म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याच्या भांड्यात, भरून नेतात. ती मुलीच्या बापानं स्वीकारली की मागणी झाली. मारोतीला काका होता, झिंगरू नावाचा. भाऊ नव्हता. त्यानं ओट्यावर आम्हा सगळ्यांना पोहे खिलवले आणि मान खाली घालून म्हणाला, “मले भाऊ नाई. तुमी घेऊन जाल का?”

आम्ही काय हुरळलो ते विचारू नका. वसंतानं तर त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की लग्न झालंच समज. रफिकनं त्याला मागणीच्या दिवशी घालायला म्हणून नवा सदरा शिवायला घेतला. मी काय केलं ते आठवत नाही, म्हणजे काही केलं नसणार.

मायनं उन्हाळ्यात वेचून वाळवलेली मोहफुलं त्यासाठी वेगळी ठेवली होती. ती भिजत घातली, आंबू दिली, मग पडवीत चूल मांडून मडक्यावर मडकं रचलं आणि सांधे चिखलानं बंद केले. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिथे होतो. ती सकाळपासून चुलीपुढून हलली नव्हती. जाळ मोठा झाला की काढायचा, लहान झाला की सारायचा, वरच्या मडक्यातलं पाणी तापलं की बदलायचं. नळीतून थेंब थेंब पडत होता आणि प्रत्येक थेंबाचा आवाज ऐकू येत होता, कारण आम्ही तिघे आशाळभूतासारखे गप्प बसलो होतो. शेवटी वसंतानं विचारलंच, मावशी, जरा चाखून पाहू का. ती हसली, पण तिनं दिली नाही. “हे तुमची नाई, बापू,” ती म्हणाली. “हे पयले आमच्या जुन्या लोकाईले जाते, मंग माणसाईले.” आम्ही मोठ्या समजूतदारपणे माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. काका आदल्या दिवशीच पुढे गेला होता. मारोती कुंपणापर्यंत आला. मायनं तुंबा वसंताच्या हातात दिला, पानांचं बूच घट्ट आहे ना हे पुन्हा एकदा चाचपलं, आणि वाटेत खायला फुटाणे आणि भाजलेले झिंगे बांधून दिले. वाट चार कोसांची, सागाच्या आणि बांबूच्या रानातून. थंडी होती. कोसभर गेल्यावर वसंता तुंब्याचं वजन सांगू लागला, दीड कोसावर त्याचा खांदा दुखू लागला, आणि दोन कोसांवर नाला आला तिथे तो बसला तो बसलाच. रफिकनं खर्रा घोटायला घेतला. फुटाणे सोडले. झिंगे निघाले. आता माणसासमोर झिंगे आहेत, थंडी आहे, शेजारी पहिल्या धारेचा भरलेला तुंबा आहे, तेव्हा त्याच्या मनात काय येणार हे मी सांगायला नको. तरी वसंतानं फक्त बूच काढून वास घेतला होता. पुढचं वाक्य माझं आहे. मी म्हणालो, मुलीच्या बापाला देण्याआधी माल कसा आहे हे तपासायला नको का? उद्या तो नावं ठेवील.

हे वाक्य तेव्हा फार विनोदी वाटलं. वसंता गडाबडा लोळला. मी पळसाची पानं तोडून द्रोण केले. रफिक दारूला शिवत नसे, तो खर्रा धरून बसला, पण त्यानं आम्हाला थांबवलंही नाही. पहिला द्रोण तपासणीचा झाला. दुसरा पहिल्याची खातरी करण्यासाठी. मग आम्ही रसिक झालो. मी डोळे मिटून सांगितलं की हिला उन्हाळ्यातल्या फुलांचा वास आहे, वसंता म्हणाला की मागच्या वेळेपेक्षा धार कडक आहे, आणि असं एकमेकांचं कौतुक करत करत आम्ही निम्म्याच्या खाली गेलो. एका बाईच्या कित्येक दिवसांच्या मेहनतीवर दोन रिकामटेकडे मत देत बसले होते आणि ते आपल्याला शहाणे समजत होते. मला आज कुणी त्या नाल्यावर नेलं तर मी त्या दोघांना तिथल्या तिथे काठीनं बडवीन.

तुंबा हलका झाला हे लक्षात आल्यावर आम्हाला घाम फुटायला हवा होता. आम्हाला हसू फुटलं, आणि समोर वाहणारा नाला दिसला. रफिक म्हणाला, “अबे, पाणी मिळवलं तर समजन ना त्याईले.” मी म्हणालो, रानातल्या माणसांना काय कळतंय. वास येतो, कडू लागते, झालं. ते काय आपल्यासारखे चाखतात थोडेच. हे मी अगदी याच शब्दांत म्हणालो होतो. मग तुंबा नाल्यात धरायचं काम रफिकनंच केलं, कारण आम्हा दोघांचे हात स्थिर नव्हते. शिंप्याच्या पोराची नजर, त्यानं बरोबर गळ्यापर्यंत भरला, बाहेरून पुसला, बूच होतं तसं बसवलं. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. बैठकीतले आम्ही एवढे मोठे जाणकार, पण ज्या बाईच्या हातची इतके दिवस प्यायलो, तिच्याकडे मागणीच्या दारूचं पुढे काय करतात हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं.

चैतू मडावीचं अंगण लख्ख सारवलेलं होतं. सात-आठ वडीलधारे चटयांवर बसले होते, त्यांच्यात काकाही. मैना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. हिरवं लुगडं, काळीसावळी, चपळ. तिनं आमच्यापुढे पाण्याचे लोटे ठेवले आणि वसंताला उचकी लागली तशी तोंडाला पदर लावून आत पळाली. दाराच्या आड ती उभी राहिली हे मला दिसत होतं. चैतूभाऊ म्हणजे केस पिकलेला, हळू बोलणारा माणूस. त्यानं आमची चौकशी केली, मारोतीच्या डेपोची केली, मायचं नाव घेऊन ती बरी आहे ना असं विचारलं. मग तुंबा दोन्ही हातांनी घेतला. पळसाच्या द्रोणात ओतून त्यानं चार थेंब जमिनीवर सांडले, पूर्वजांचं नाव घेतलं. इथवर मी ऐकून होतो. मग एका म्हाताऱ्यानं खापरीत इंगळ आणून मधोमध ठेवले. आणि चैतूभाऊनं द्रोण इंगळांवर रिकामा केला.

पहिल्या धारेची दारू इंगळांवर पडली की भक्कन पेटते. ती पेटणं म्हणजे जुन्या लोकांनी होकार देणं. हे मला तिथे शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं मागाहून सांगितलं, म्हणजे सगळं झाल्यावर. आमची दारू पडली आणि फुस्स असा आवाज झाला. राख वर उडाली. दोन इंगळ काळे पडले. चैतूभाऊनं पुन्हा द्रोण भरला, पुन्हा ओतला. उरलेले इंगळ विझले. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तुंबा खाली ठेवला.

“हे पाणी हाय,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. काकाचं तोंड उतरलं. तो सांगू लागला की वहिनीनं स्वतः गाळली, चुलीपुढून उठली नाही, हे शक्य नाही. चैतूभाऊनं त्याचं ऐकून घेतलं आणि मग आमच्याकडे वळला. “पोराच्या मायनं पाणी धाडलं, म्हणजे तिले आमची पोरगी नको, असा अर्थ होते आमच्यात. पण वाटेत कोणाकडून चुकलं असल तर सांगा. चुकते माणूस. एक कोंबडी दंड घेऊ, अन अमावस्या झाली की पुन्हा या. कोणी बोललं नाई, तर मले मायचाच निरोप समजा लागन.”

म्हणजे एक कोंबडी. एक वाक्य आणि एक कोंबडी, एवढ्यावर मारोतीचं सगळं येऊन थांबलं होतं, आणि हे त्या माणसानं आम्हाला बोट धरून दाखवावं तसं दाखवलं होतं. मी गप्प बसलो. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला स्वच्छ आठवतं. ही गोष्ट पोंभुर्ण्याला पोचेल, गुरुजींचा मुलगा दारू पिऊन मागणीला गेला असं होईल, वडील जेवणावरून उठतील. आणि त्याखाली आणखी एक विचार होता, तो जास्त घाण आहे. मला वाटलं, एवढ्याशा दारूसाठी हे लोक काय तमाशा करून राहिले आहेत, मिटेल आपोआप. वसंता जमिनीकडे बघत होता. रफिकनं हात टेकला, उठण्यासाठी. तो बोलणार हे मला कळलं. मी त्याच्या सदऱ्याचं टोक मागून पकडलं आणि खाली ओढलं. तो बसला. मी ते टोक सोडलं नाही.

चैतूभाऊनं बराच वेळ वाट पाहिली. मग तुंबा उचलून काकाच्या हातात परत दिला, दोन्ही हातांनी, जसा घेतला होता तसाच. मैना बाहेर आली, आमच्यापुढचे लोटे उचलले आणि आत गेली. कुणाकडे पाहिलं नाही. काका आम्हाला म्हणाला, तुमी जा. तो रात्री तिथेच बहिणीकडे राहणार होता, सकाळी आणखी एकदा बोलून पाहणार होता.

परतीच्या वाटेवर वसंताला कंठ फुटला. त्यानं सांगितलं की हे लोक फार मानी, यांच्याशी सोयरीक न झालेलीच बरी. मी त्याला हो म्हटलं. रफिक पुढे चालत होता. नाल्याशी तो थांबला आणि मला विचारलं, “माया सदरा काऊन ओढला तू?” मी म्हणालो, तू तर प्यायलासुद्धा नाहीस, तुला कशाला पाहिजे नसती उठाठेव. तो म्हणाला, “म्हणूनच तर बोलता येत होतं मले.”

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगून टाकतो. काका रिकाम्या हातानं परतला. चैतूभाऊचं म्हणणं एकच होतं, की ज्यांनी आणली ते तिघं तोंड उघडत नाहीत, म्हणजे निरोप मायचाच. दोन महिन्यांनी रफिक एकटा त्या गावी गेला आणि सगळं सांगून आला, माझं नाव घेऊन. चैतूभाऊनं त्याला जेवू घातलं. पण मैनाची मागणी तोवर दुसरीकडून झाली होती आणि ती सूरजागडच्या डोंगरांकडे दिली गेली. मारोतीनं डेपोची बदली मागून घेतली, लग्नही पुढे केलं, मुलंबाळं झाली. ओट्यावर मात्र तो पुन्हा आला नाही. माझ्याशी भांडलाही नाही. आणि माय? रफिकनं सांगेपर्यंत दोन महिने लोक तिला विचारत होते की पोरगी नको होती तर तसं सांगायचं, दारूत पाणी कशाला. काका परतला त्याच सकाळी तिला कळलं असणार. आपल्या हातच्या पहिल्या धारेचं पाणी कुठे झालं, एवढं न कळायला ती आमच्यासारखी शिकलेली नव्हती. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही.

वसंता आता आमच्याकडच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आली आणि गेली, शेजारच्या जिल्ह्यात अजून आहे, आणि दोन्हीकडे पाहिजे त्याला पाहिजे तेवढी मिळते. वसंता त्यावर भाषण करतो तेव्हा त्याच्या डाव्या गालात खर्रा असतो. मी तीस वर्षं मास्तरकी केली. परवा डॉक्टरांनी माझं तोंड उघडून पाहिलं आणि आता बोट-दीड बोटच उघडतं म्हणाले. मी म्हटलं, जेव्हा उघडायला हवं होतं तेव्हा तेवढंही उघडलं नव्हतं. ते त्यांना समजलं नाही, आणि मलाही स्वतःच्या या असल्या चटकदार बोलण्याची शिसारी येते.

कारण हे सगळं सांगून झालं तरी खरं सांगायचं ते उरलंच आहे. त्या संध्याकाळी आम्ही टोल्यावर पोचलो. तिथे न जाता परस्पर घरी जाता आलं असतं, पण सायकली टोल्यावर होत्या. मारोती कुंपणाशी उभा होता, रफिकनं शिवलेला नवा सदरा घालून. माय अंगणातून धावत आली. तिनं आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही, लांबूनच विचारलं, “पेटली का?”

रफिक खाली बघत राहिला. वसंता माझ्याकडे बघत राहिला, कारण बोलायचं काम माझं. काका सकाळी येणार होता. मला फक्त रात्र काढायची होती, आणि मला भूकही फार लागली होती. मी म्हणालो, “पेटली, माय.”

तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. मग मारोतीकडे पाहून ती हसली, आणि मारोती कधी नव्हे तो मोठ्यानं हसला. कोंबडी सकाळी निघायच्या आधीच तिनं रफिककडून कापून घेतली होती. मागणी करून येणाऱ्या भावांना जेवू घालायचं असतं. रफिक पोट दुखतं म्हणाला, सायकल घेतली आणि निघून गेला. वसंता आणि मी हात धुऊन बसलो. हातावर पाणी मारोतीनं घातलं. माय चुलीपुढे बसून वाढू लागली आणि विचारू लागली, किती उंच पेटली, निळी पेटली का, चैतूभाऊ काय म्हणाला, पोरीनं पाह्यलं का. मी सांगत गेलो. निळी पेटली म्हणालो. हातभर उंच पेटली म्हणालो. तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं, आणि मी दुसऱ्यांदा आणखी चांगलं सांगितलं. कोंबडीची टांग तिनं माझ्या ताटात घातली. रस्सा फार चांगला झाला होता. मी आणखी भात मागून घेतला.